दोन घंट्यांचं विमान

माझ्या भावाला मोबाइलमध्ये दिसलेलं सगळं खरं वाटतं. इथं आमच्या बीबी गावात माझ्या लेकीच्या लग्नाची तारीख ठरली, तसा त्याचा दिल्लीहून फोन आला. "ताई, पाह्यलं मी. दिल्ली ते संभाजीनगर, विमानानं हजार किलोमीटरही नाही. दोन घंटे! सकाळी निंघतो, दुपारच्या लग्नाले हजर."

"आदल्या दिवशी ये न बाप्पा," मी म्हटलं. तो हसला. आमच्याकडे मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि मला सख्खा भाऊ हा एकच. पण शहाण्याला कोण शिकवणार?

त्यातून आमच्या ह्यांनी ते दोन घंटे गावभर केले. लग्नाच्या दिवशी जो तो मलाच विचारी, "विमान त दोन घंट्याचं होतं म्हने, मंग मामा काऊन नाही आला?" आता हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन मी काय काय समजावत बसू? विमानतळावर किती आधी जावं लागतं, विमान उशिरा सुटलं, मग बॅगेसाठी थांबा, मग गाडीनं जालना, मग सिंदखेडराजा, मग कुठं आमचं गाव! मोबाइलनं यातलं काहीच मोजलं नव्हतं. चिखलीचा माझा चुलतभाऊ एसटीनं आदल्या दिवशीच आला होता आणि जेवूनखाऊन मांडवात घोरतही होता.

वरात दारात आली. भटजी घाई करू लागले. लेक अडून बसली, "आई, मामा आल्याबिगर मी पाटावर उभी राहत नाही."

मी फोन लावला. "कुठलोक आला रे?"

"दुसरबीडले हाय ताई. रस्त्यात कोनाची त वरात हाय, लोकं नाचून राह्यले. गाडी सरकूनच नाही राह्यली."

त्याच्या मागचा बँड मला फोनमध्ये ऐकू येत होता. अख्खी दिल्ली ओलांडून आला आणि अर्ध्या तासावर येऊन अडकला! रडू नाही आलं मला, नुसता संताप आला. फोन आदळला आणि चुलतभावाला उठवून लेकीच्या पाठीशी उभं केलं. ती मुकाट पाटावर उभी राहिली. मंगलाष्टकं चालू असताना तिनं दोनदा मागं वळून पाहिलं.

भाऊ आला तेव्हा शेवटची पंगत उठत होती. भाचीसमोर गेला आणि हात जोडून उभा राहिला. शेवटी फोटोवाल्यालाच दया आली. त्यानं पुन्हा अंतरपाट धरायला लावला, मामाला पाठीशी उभं केलं आणि फोटो काढला.

तो फोटो आता आमच्या बैठकीत आहे. "वा, मामा दिल्लीहून आला!" पाहुणे म्हणतात. कोणी नीट पाहत नाही. अंतरपाट अजून मध्ये धरलेला आहे आणि लेकीच्या गळ्यात मंगळसूत्र आहे. मला त्या फोटोत दुसरं काही दिसतच नाही.