सोन्यातली वेलांटी

प्रेसमध्ये सगळे त्याला उलटराव म्हणत. बत्तीस वर्षं तो सोनेरी अक्षरं उठवायच्या मशीनवर उभा होता. पितळी ब्लॉक उलटा कोरलेला असतो. तो तापत्या मशीनमध्ये वर बसवायचा, खाली पुठ्ठा ठेवायचा, मधून सोनेरी फॉइलची पट्टी सरकवायची आणि दांडा ओढायचा. ब्लॉकची धग, म्हणजे ताव, कमी पडला तर अक्षरांचे पोपडे निघतात. जास्त झाला तर सोनं कडेने पसरतं, ओठांबाहेर गेलेल्या लालीसारखं. उलटराव ओलं बोट ब्लॉकला टेकवून नुसत्या चर्र आवाजावरून ताव ओळखायचा. त्या बोटावर आता रेघा उरल्या नव्हत्या.

उलटं वाचता वाचता त्याला सुलटं परकं झालं. ब्लॉकवर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे दिसते, दुसरी डावीकडे. धातूवर त्याचा डोळा कधी चुकला नाही. कागदावर हात हटकून चुकायचा. वाण्याच्या यादीत ‘मिठ’ आणि ‘मीरची’. बायको म्हणायची, “यादी आरशात धरूनच सामान आणते मी.” घर हसायचं. मुलगी हसायची नाही.

ती चौथीत असताना तापाने फणफणली, तेव्हा त्याने शाळेत चिठ्ठी दिली होती : ‘मुलगि आजारि आहे.’ बाईंनी ती फळ्यावर जशीच्या तशी उतरवली आणि वर्गाला चुका शोधायला सांगितल्या. त्यानंतरच्या सगळ्या चिठ्ठ्या मुलीने स्वतः लिहिल्या. त्याच्यापुढे कागद यायचा तो सहीपुरता, कुठे करायची ते बोटाने दाखवून.

आता तिचा प्रबंध पुरा झाला होता. विषय, कामगारांचं दैनंदिन जीवन. सहा प्रती बांधून वर सोनेरी अक्षरं हवी होती. ती काम दुसरीकडे देणार होती. आई म्हणाली, “बाप जन्मभर परक्यांची नावं सोन्यात उठवतोय. तुझं एक उठवू दे की.” म्हणून ती प्रेसमध्ये आली. त्यालाही एवढंच हवं होतं : तिने अक्षरांवरून हात फिरवून ‘छान झालंय, बाबा’ म्हणावं.

“हा मजकूर,” तिने कागद पुढे केला. “मी टाइप केलाय. आहे तस्सा जाऊ दे. वेलांटीलासुद्धा हात लावायचा नाही.”

“नाही लावत.”

“ऐकलंत ना उलटराव?” पुठ्ठ्यांना खळ लावणारी बाइंडरबाई ब्रश नाचवत म्हणाली. “वेलांटी दिसली की हात मागे बांधायचे!”

मुलगी हसली. प्रेसमध्ये ती पहिल्यांदाच हसत होती.

दोन दिवसांनी ब्लॉक आला. त्याने तो उजेडाला तिरका धरला. ‘कामगारांचे दैनंदीन जीवन.’ दुसरी वेलांटी. त्याने कागद काढून बघितला. कागदावरही तीच. घाईत तिचं बोट चुकलं असणार.

“फोन करा,” बाइंडरबाई म्हणाली.

त्याने केला. “अगं, ते दैनंदिन... त्यातली वेलांटी जरा...”

“बाबा, आता तुम्ही मला वेलांट्या शिकवणार? कागदावर आहे तसं करा ना.”

एक वाक्य पुरलं असतं. कागदावरच चुकलंय. ते जिभेवर आलंही होतं. तो म्हणाला, “बरं.” फोन ठेवताना त्याला हलकं वाटलं. का वाटतंय तेही कळलं : या वेळी चुकलेली वेलांटी तिची होती. तरी फोन त्याने पुन्हा उचलला नाही.

“काय म्हणाली?”

“आहे तसंच जाऊ दे म्हणाली.”

मग त्याने ताव धरला आणि सहा वेळा दांडा ओढला. अक्षरांच्या कडा पात्यासारख्या उमटल्या. खाली विद्यापीठाचं चिन्ह बिनसोन्याचं, नुसत्या दाबाने वर आलेलं. असं काम त्याच्या हातून पूर्वी झालं नव्हतं.

प्रती तिने बांधलेला गठ्ठा न सोडताच नेऊन जमा केल्या. छान म्हणायला आधी सुतळी सोडावी लागली असती.

तोंडी परीक्षा खुली होती. इस्त्रीचा शर्ट घालून तो शेवटच्या रांगेत बसला. खिशात तिचा कागद होता, चार घड्यांचा. तो कशासाठी आणलाय हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं.

परीक्षकांनी मुखपृष्ठावर अंगठा फिरवला. “दैनंदीन. म्हणजे दीनच. विषयाला साजेसं आहे म्हणा!”

हशा पिकला. मुलीचा चेहरा उतरला, क्षणभरच. “सर, वडिलांनी छापलंय ते. त्यांच्या वेलांट्या उलट्याच पडतात. आमच्या घरातला जुना विनोद आहे.”

सगळ्या माना मागे वळल्या. त्याचा हात खिशाकडे गेला. कागद बोटांना लागला. मग तो उभा राहिला आणि हात जोडले.

“चूक माझीच,” तो म्हणाला. कोणाला कळलं नाही, पण ते खरं होतं.

बाहेर व्हरांड्यात ती त्याच्याजवळ आली. आवाज मऊ होता, आजारी माणसाशी बोलावं तसा. “वाईट वाटून घेऊ नका, बाबा. मी कव्हरं दुसरीकडून करून घेते. तो मजकुराचा कागद आहे का? त्यांना द्यायला लागेल.”

त्याने खिशातून काढून दिला.

“एकदा बघून दे,” तो म्हणाला.

“त्यात बघायचं काय?” तिने न उलगडताच तो पर्समध्ये टाकला. “मीच तर टाइप केलाय.”