तीन चुलींची घडी

आमच्या चुलतसासऱ्यांना जगातला एकही प्रसिद्ध माणूस चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. पण त्याचं डावं मनगट तेवढं दाखवा, ते त्याची सगळी कुंडली मांडतील. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. माझ्या बायकोच्या वडिलांचे ते थोरले भाऊ, म्हणून घरात सगळे त्यांना मोठेबाबा म्हणतात. खेळाडूंच्या आणि नटांच्या हातातल्या महागड्या घड्याळांचा नाद त्यांना कुठून लागला, ते त्यांच्या बायकोला, म्हणजे मोठीआईलाही ठाऊक नाही. त्यांचं स्वतःचं मनगट मात्र कायम रिकामं. "घालीन तं तसली, नाई तं हात मोकळा बरा," म्हणतात आणि वेळ विचारायला शेजारच्या सलूनमध्ये जातात.

टेनिसची फायनल असली की मोठेबाबा सामना बघत नाहीत. खेळ संपल्याची वर्दी मिळाली की दुकान तसंच टाकून घरात येतात, कारण जिंकलेला माणूस बक्षीस घ्यायच्या आधी पिशवीतून घड्याळ काढून मनगटावर चढवतो आणि यांचा सामना तिथून सुरू होतो. कोण जिंकलं हे विचारलंत तर "निळ्या डायलवाला" एवढंच उत्तर मिळेल. घड्याळांची विलायती नावं त्यांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांची घरच्या घरी बारशी उरकून टाकली आहेत. जिच्या डायलमध्ये तीन छोट्या तबकड्या असतात ती 'तीन चुलींची', पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेली ती 'विहिरीतली'. या विहिरीतलीबद्दल त्यांना अपार आदर. "मानूस बुडून मेला तरी ते चालूच राह्यते," असं ते गिऱ्हाइकाला बियाणं मोजता मोजता सांगतात. एकदा टीव्हीवर सिनेमातला गरीब शेतमजूर आईच्या चितेपुढे रडत होता, घरातल्या बायका डोळे पुसत होत्या आणि मोठेबाबा शांतपणे म्हणाले, "घडी काढाची इसरला."

गेल्या हिवाळ्यात वर्ध्याला कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या उद्घाटनाला एक निवृत्त क्रिकेटपटू येणार असल्याचं कळलं. मी वर्ध्यातच राहतो. मोठेबाबा सकाळच्या गाडीने आमच्याकडे येऊन बसले, इस्त्रीचा सदरा, कानात अत्तराचा फाया. चहा पिताना त्यांनी मला समजावलं की हा माणूस तीन चुलींची घालतो, तिच्या पाठीला काच असते, आणि त्या काचेतून आतलं यंत्र फिरताना दिसतं. ते फिरताना एकदा डोळ्यांनी बघायचं, बाकी काही मागणं नाही.

दुकानापुढे अर्धं वर्धा लोटलं होतं. क्रिकेटपटू गाडीतून उतरला तसे सगळ्यांचे मोबाइल वर गेले आणि मोठेबाबा एकटे खाली वाकले. लोकांच्या कोपरांखालून वाट काढत ते दोरीपर्यंत पोचले. मी त्यांचा सदरा मागून धरून होतो. काळ्या कपड्यांतल्या पहिलवानाने त्यांना हटकलं, तेव्हा ते त्या पाहुण्याला सरळ म्हणाले, "साहेब, फोटो नाई पायजे. घडी पलटवून दाखवता का?"

तो थांबला. आधी त्याला कळलंच नाही. मग तो मोकळेपणाने हसला, घड्याळ काढलं आणि मोठेबाबांच्या तळहातावर ठेवलं. मोठेबाबांनी ते उलटं केलं आणि देवळातल्या तीर्थासारखं दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं. आतली चाकं फिरत होती.

तेव्हा तो क्रिकेटपटू त्यांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "अच्छी है ना चाचा? मुझे भी बहुत पसंद है. शाम को कंपनीवाले वापस ले जाएँगे."

मोठेबाबांनी वर पाहिलं. घड्याळ आपल्या रुमालाने पुसलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या मनगटावर बांधून दिलं, पट्टा किंचित सैल ठेवून.

मी त्यांना मोटारसायकलवरून सिंदीला सोडायला निघालो. माणसाची आयुष्यभराची श्रद्धा माझ्या डोळ्यांदेखत मोडली, आता हे पुन्हा टीव्हीपुढे बसणार नाहीत, असं मला वाटू लागलं. वाटेत सेलूला चहाला थांबलो तेव्हा बशीत बघत ते म्हणाले, "जवाईबापू, एवढा मोठा मानूस. त्याले एखादी रात्र तरी घरी नेऊ द्याले पायजे होती ना?"

घरी पोचलो तर ओसरीत शेजारपाजारचे जमलेले. सलूनवाल्याने विचारलं, खरंच होती का तीन चुलींची? मोठेबाबांनी पाय धुतले, खुर्चीवर बसले आणि सांगू लागले. त्याची स्वतःची आहे, पोरगी झाली तेव्हा हौसेनं घेतली, झोपतानाही काढत नाही, फक्त माझ्यासाठी काढली. सगळे ऐकत राहिले.

जेवताना मोठीआईने मला हळूच विचारलं, "खरं होय का जवाईबापू? यांचा काई नेम नाई."

"मी बाजूलाच होतो," मी म्हणालो. "तो असंच म्हणाला."

मोठेबाबांनी मान वर केली नाही. आपल्या ताटातली बेसनाची पाटोडी उचलून त्यांनी माझ्या ताटात ठेवली, आणि कोरडी भाकर बराच वेळ चावत राहिले.