चोपड्याच्या सोप्यावरचे जुने कपडे

लहानपणी माझ्या अंगावर नवा कपडा वर्षातून एकदाच चढायचा, चवथीला. बाकीचं सगळं साखळी गावच्या आतेबहिणीकडून यायचं. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिचे फ्रॉक आखूड झाले की आते त्यांचं बोचकं बांधून आमच्याकडे सर्वणला पाठवायची, आणि ते सोडताना मला कोण आनंद व्हायचा.

नऊ वर्षांची असताना मी त्यातलाच एक पिवळा फ्रॉक घालून तिच्याच वाढदिवसाला गेले. केक कापून झाला आणि सगळ्या मुलींसमोर ती म्हणाली, "तो माझा फ्रॉक. त्याच्या खिशाला आतून भोक आहे, बघा." मुलींनी एकेक करून माझ्या खिशात हात घातला. भोक होतंच. आई दारात फरसाणाची बशी घेऊन उभी होती. तिनं बशी खाली ठेवली, माझा हात धरला आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी आईनं घरातले ते सगळे कपडे धुऊन, घडी करून परत पाठवले. "आजपासून दुसऱ्याचं उतरलेलं अंगाला लावायचं नाही," एवढंच म्हणाली. त्यानंतर माझ्याकडे कपडे कमी असायचे, पण नवे असायचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आई कापड आणायची आणि हातमशीनवर शिवायची.

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना खाणी बंद पडल्या. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे; तो अंगणात उभा राहिला. मला लगेच नोकरी धरावी लागली. मांद्र्याला एका छोट्या हॉटेलात येणाऱ्या पाहुण्यांची नोंद करायचं, खोल्या दाखवायचं काम मिळालं. गणवेश नव्हता. मालकीण म्हणाली, "कपडे साधे चालतील, पण जरा बरे दिसायला हवेत." माझ्याकडे तीन पंजाबी ड्रेस होते आणि तिन्हींचा रंग गेलेला. पहिला पगार व्हायला अजून तीन आठवडे होते.

त्या आठवड्यात एकदा परतीची बस चोपड्याला बंद पडली. दुसरी येईपर्यंत मी रस्त्याच्या कडेनं चालू लागले, तर एका कौलारू घराच्या सोप्यावर दोरीला कपडे टांगलेले दिसले. वाळत घातलेले वाटले, पण प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी टाचलेली. कदेलीवर, लाकडी खुर्चीवर, बसून साठीच्या आतबाहेरची एक बाई दातांनी दोरा तोडत होती.

"काय होया तुका?" तिनं विचारलं.

"काही नाही. बघते नुसती."

"बघ. बघूक पैसे पडनत नाय."

ती आयुष्यभर किनाऱ्यावरच्या परदेशी पाहुण्यांची धुणी धुवायची. सहा सहा महिने राहणारे ते लोक परत जाताना बॅगेत न मावणारे कपडे तिच्याकडे टाकून जायचे. ते वाढत गेले तसे तिनं सोप्यावर दोरी बांधली. पुढे आजूबाजूच्या गावांतून लोक आपल्या पेट्यांतले जुने कपडेही आणून देऊ लागले: कुणाच्या वडिलांचे कोट, कुणाच्या आजीच्या झालरीच्या साया, म्हणजे घोळदार परकर. वस्तू विकली गेली की निम्मे पैसे ज्याचे त्याला.

मी एक पांढरट लिननचा शर्ट हातात घेतला आणि लगेच सोडला. मला आईचा आवाज ऐकू आला होता. बाईंनी ते पाहिलं, पण अर्थ वेगळा लावला. त्यांना वाटलं, मला पारख नाही.

"कापड आधी उलटां करून बघ, बाय," त्या म्हणाल्या. "भायरसून सगळीच चांगली दिसतत." त्यांनी शर्ट उलटा केला. आतली शिवण इतकी सफाईदार होती की उलटी बाजूच सुलटी वाटावी. मग शर्टाचं बटण, त्यांचा 'बुतांव', त्यांनी माझ्या गालाला लावला. तो गारेगार होता. "शिंपल्याचो. प्लॅस्टिक असता तर गार लागला नसता. असो शर्ट शिवणारो आता शोधून दाखय."

मी तो शर्ट घेतला. म्हापशाच्या बाजारात तेवढ्या पैशांत नवी ओढणीसुद्धा आली नसती. दुसऱ्या दिवशी तो घालून कामावर गेले, तेव्हा मालकिणीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली. पण घरी मी तो आणला नाही. हॉटेलच्या कपाटात ठेवायचे आणि तिथेच बदलायचे. असं वर्षभर चाललं. चोपड्याच्या बाईंना मी आता मावशी म्हणू लागले होते, आणि हॉटेलच्या कपाटात माझे सात-आठ कपडे जमले होते.

मग फोनवर जुन्या कपड्यांची पानं बघायचा नाद लागला. कोण कुठली माणसं आपल्या घरातले जुने कपडे फोटो काढून टाकत, आणि जो पहिला 'मला हवं' लिहील त्याला ते विकत मिळत. पहिल्याच वेळी मी फसले. 'जुनं अस्सल रेशीम' म्हणून मागवलेला ब्लाऊज आला, तो मी मोठ्या ऐटीत मावशींना दाखवायला नेला. त्यांनी कडेचा एक दोरा ओढला आणि काडी पेटवून धरला. दोऱ्याची वितळून काळी गोळी झाली.

"रेशीम जळला तर केस जळल्यासारखो वास येता. ह्या प्लॅस्टिक," म्हणाल्या, आणि मला हसू आवरेना, कारण त्याच आधी पोट धरून हसत होत्या. त्यांनीच मला सांगितलं की घेण्याआधी उलट्या बाजूचा फोटो मागायचा, माप मागायचं, आणि सरळ विचारायचं, 'ह्यात खोट काय आहे?' जो खोट सांगतो त्याच्याकडूनच घ्यायचं.

माझं लग्न ठरलं ते पेडण्यात, एका शाळेतल्या शिक्षकाशी. लग्नघटकेची साडी सासरची असणार होती, पण त्याआधीच्या विधींना नेसायची ती आमच्या घरची. आई त्यासाठी दोन वर्षं थोडं थोडं बाजूला ठेवत होती, तरी दुकानातल्या साड्या पाहून आम्ही दोनदा रिकाम्या हातानं परतलो. आणि एका सकाळी बसमध्ये फोनवर मला ती दिसली. डाळिंबी रंगाची इरकल, लाल-पांढऱ्या पदराची, अंगावर बारीक चौकडा. विकणारी बाई गडहिंग्लजची होती. खाली लिहिलं होतं: 'आईची साडी. पदराला घडीवर दोन ठिकाणी विरली आहे. नीट वापरणाऱ्यालाच द्यायची आहे.'

खोट तिनं न विचारताच सांगितली होती. मी लिहिलं, 'मला हवी. लग्नात नेसणार आहे.' लिहून झाल्यावर ध्यानात आलं की आता आईला सांगणं भाग होतं.

त्या संध्याकाळी मी आईला सगळंच सांगितलं. शर्ट, कपाट, चोपड्याच्या मावशी, सगळं. आई भाजी चिरत होती. ती चिरतच राहिली.

"वर्षभर?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि लग्नात दुसऱ्याचं नेसणार?"

तिनं विळी आडवी केली. "त्या बाईला फोन लाव. मी बोलते."

गडहिंग्लजच्या ताई शाळेतल्या बाईंसारख्या स्वच्छ बोलत. आईनं आधी गावाची, घरच्या माणसांची चौकशी केली, आणि मग सरळ विचारलं, "तुमची आई सवाष्ण गेली का?" फोन आईच्या हातातून काढून घ्यावासा वाटला मला.

फोन स्पीकरवर होता. "नाही हो," ताई म्हणाल्या. "वडील गेल्यावर आई एकवीस वर्षं होती. ही साडी त्यांनीच तिला आणलेली. ते गेल्यावर ती पुन्हा नेसली नाही. वर्षातून एकदा सावलीत वाऱ्यावर टाकायची आणि घडी बदलून ठेवायची. तुम्हाला चालत नसेल तर राहू दे. मला राग येणार नाही."

आई "बरं" म्हणाली, फोन माझ्याकडे दिला आणि मागच्या दारी गेली. मी ताईंची माफी मागितली. साडी गेली, असंच मी धरून चालले होते.

जेवताना आई म्हणाली, "त्यांनी खोटं सांगितलं असतं तर मला काय कळणार होतं?" मग ताटाकडे बघत, "माझी आई लहान वयात विधवा झाली. तिच्या सगळ्या रंगीत साड्या शेजारणींनी नेल्या, माझ्या डोळ्यांदेखत. एक हिरवी होती. ती कोणी मला दिली असती तर मी नेसले नसते का?" तिनं डोळे पुसले. "सांग त्यांना. पाठवा म्हणावं."

साडी आली तेव्हा तिला कडुनिंबाच्या पाल्याचा वास होता. विरलेला पदर रफू करायला मी चोपड्याला निघाले, तर आई म्हणाली, "मीही येते." सोप्यावर आईनं आधी दोरीवरचे सगळे कपडे पाहून घेतले, एकालाही हात न लावता. मावशींनी साडी मांडीवर घेतली, उलटी केली, विरलेल्या जागी बोट फिरवलं. आणि एकदम हात आखडला.

"मी विधवा गो," त्या आईला म्हणाल्या. "लग्नाची साडी. माझ्या हातसून शिवून घेतली तर चलात तुमका?"

मी आईकडे बघितलं. आई त्यांच्या शेजारची कदेल ओढून बसली.

"तुमीच शिवा," आई म्हणाली. "माझ्या पोरीला वर्षभर तुमीच सजवली ना?"

मावशींनी चार दुपारी खर्चून तो पदर सांधला. दोरा त्याच साडीच्या आतल्या टोकाचा उसवून घेतला, म्हणून रंग तंतोतंत जुळला.

ताईंना आम्ही लग्नाची पत्रिका पाठवली होती, त्या येतील असं वाटलं नव्हतं. पण त्या आल्या. पहाटेच्या गाडीनं, तिलारीच्या घाटातून दोडामार्गावरून, लग्न होतं त्या डिचोलीच्या देवळात. मला पाहून त्या मंडपाच्या खांबापाशीच थांबल्या. जवळ आल्या तेव्हा डोळे भरलेले होते, पण पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "आई तुझ्यापेक्षा किती ठेंगणी होती गं! काठ घोट्याच्या इतका वर मी कधी पाहिलाच नव्हता." आम्ही दोघी हसलो. मग त्यांनी पदर हातात घेतला आणि विरलेली जागा शोधू लागल्या. ती सापडेना. "कोणी केलं हे?" मी त्यांना मावशींकडे नेलं. दोघी एकाच पंगतीत जेवायला बसल्या आणि पानं उचलल्यावरही उठल्या नाहीत.

आता मी पेडण्याला राहते. रविवारी चोपड्याला जाते आणि मावशींच्या कपड्यांचे फोटो काढून फोनवर टाकते. तेरेखोलपासून लोक फेरीबोटीनं नदी ओलांडून त्यांच्याकडे कपडे आणून देतात, आणि ते फोनवरून कुठे कुठे जातात. नाशिकला, लातूरला, एकदा तर गुवाहाटीला. प्रत्येक कपड्याची खोट लिहायचं काम आईनं मागून घेतलं आहे. सर्वणहून दोन बस बदलून ती येते, कपडा खिडकीच्या उजेडात धरते आणि मला सांगते, "लिही, उजव्या बाहीखाली शाईचा डाग. लिही, तिसरा बुतांव वेगळा." तिच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि बहुधा म्हणूनच आमचा कपडा कोणी परत पाठवत नाही.

गेल्या महिन्यात एका घरातून आलेल्या गाठोड्यात निळा लोकरी स्वेटर निघाला, हातानं विणलेला, लाकडी बुतांवांचा. आईनं तो उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. मी फोन धरून वाट पाहत होते.

"काय लिहू?"

"काही नको लिहू," आई म्हणाली, आणि हात बाह्यांत घातले. "ह्यात खोट नाही. हा मी ठेवते."

बाहेर मे महिन्याचं ऊन. मावशी म्हणाल्या, "घामान भिजतलंस गो!"

"भिजू दे," आई म्हणाली, आणि तशीच सोप्याच्या पायऱ्या उतरून, निळ्या स्वेटरात, बसथांब्याकडे निघाली.