नव्या पिंपाचा वास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आत्ताही दाराला कडी घातलीय ना, ते बघून आले.

आमचं गाव पेणच्या खाडीकाठचं. विहिरी खाऱ्या, म्हणून सगळी मदार धरणाच्या नळावर. माझ्या मुलीच्या हळदीच्या सकाळी मी गावामागे गेले, तर पाइप गटारात फुटलेला. नळाची वेळ संपली होती, आणि गटाराचं काळं पाणी त्या भोकातून आत ओढलं जात होतं. मी उभी राहून पाहिलं. घरी आले. गप्प बसले.

का? बोलले असते तर नळ बंद झाला असता, आणि मांडव तर दारात. रोह्याचे व्याही काय म्हणाले असते? वऱ्हाडासाठी मी पेणहून पाण्याचे जार मागवले. घरच्यांनाही तेच पाजलं. म्हणजे — मला कळत नव्हतं असं नाही. गावच्या माणसांसाठी मात्र दुपारी नळ आल्यावर त्याचंच पिंप भरून ठेवलं.

मंदा आमची शेजारीण. पोटुशी होती, तरी सकाळपासून माझ्या चुलीशी राबत होती. पेला तोंडाला लावला आणि थांबली.

"काकी, पान्याला वास येतोय."

"काय नाय गो. पिंप नवं हाय, त्याचा वास. पी तू."

ती प्यायली.

काही आठवड्यांनी गावात कावीळ आली. बाकीचे हळूहळू उठले. मंदा उठली नाही. डोळे हळदीसारखे पिवळे, मधूनच बरळायची. मी तिच्या उशाशी बसून असायचे. सगळे म्हणायचे, किती माया लावते. आणि मला भीती कसली होती? ती जाईल याची? नाही — ती शुद्धीवर येईल आणि त्या पिंपाचं नाव काढेल, याची.

ती गेली. बाळही पोटातच गेलं. मला — कसं सांगू — सुटल्यासारखं वाटलं.

तेराव्याला तिच्या सासूने माझा हात धरून विचारलं, "कुठलं पानी पोटात गेलं गो माझ्या पोरीच्या?"

मी म्हटलं, "नशीब, दुसरं काय."

म्हातारी अजून आहे. दर सणाला पहिलं ताट झाकून माझ्याकडे पाठवते. मी ते जेवते.