तोंडावर बोट ठेवून मधली सुट्टी

मधल्या सुट्टीचा विषय निघाला की माझं आजही डोकं फिरतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी साखरखेर्ड्याला चौथीचा वर्ग शिकवत होते. पुण्याकडचे एक मोठे गुरुजी, म्हणजे हेडमास्तर, बदलून आले आणि त्यांनी पोरांच्या मधल्या सुट्टीची धास्तीच घेतली. बाजाराच्या दिवशी पोरं सुट्टीत बाहेर पडायची, आईबापाच्या दुकानावर बसायची, ती परत यायचीच नाहीत. खोटं कशाला बोलू, खरंच होतं ते. पण त्यावर उपाय काय, तर रोजची मधली सुट्टी वर्गातच! घंटा झाली की दार लावायचं, फडक्यातली भाकर मुकाट्यानं खायची आणि मग हाताची घडी, तोंडावर बोट. "सुट्टीही झाली, शिस्तही राहिली," म्हणून गुरुजी स्वतःवरच खूश. काय म्हणावं या माणसाला!

दुपारून माझा वर्ग म्हणजे नुसता वैताग. सकाळी पावकी-निमकीचे पाढे घडाघडा म्हणणारी पोरं भाकर खाल्ल्यावर पेंगायची, नाहीतर चिमटे काढायची. पाट्या फुटायच्या. त्यात भाजीचा मळा करणाऱ्या एका शेतकऱ्याची मुलगी होती. हिशोबात अशी तल्लख, की मी फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत हिचं उत्तर तयार. पूर्वी सुट्टीत लंगडी खेळून घामाघूम व्हायची आणि मग शाळा सुटेपर्यंत पाटीवरून मान वर करायची नाही. आता तरटावर बसल्या बसल्या तिचे पाय हलत राहायचे. एक दिवस शेजारच्या पोरानं वेणी ओढली, अन् ही बया त्याच्या हाताला कडकडून चावली.

गुरुजींनी तिच्या बापाला बोलावून चांगलं झापलं. तो माणूस टोपी हातात धरून माझ्याकडे आला.

"बाई, घरी त गरीब हाये पोरगी. इथं काऊन अशी करून राह्यली? पुढच्या बाजारापर्यंत पाह्यतो. नाई सुधरली त मिरच्या तोडायले नेतो तिले."

मी तडक गुरुजींकडे गेले. म्हटलं, पोरांना बाहेर नेऊ द्या. आधी पाणी, मग भाकर, मग लंगडी, लहान वेगळी, मोठी वेगळी. बाजाराच्या दिवशी फाटकात मी स्वतः उभी राहते, बघू कोण पळतं ते.

"दिप्टीसाहेबांची शाळातपासणी होऊन जाऊ द्या, बाई. मग बघू."

"अहो, तोवर पोरगी जाईल ना शाळेतून!"

"एका मुलीसाठी नियम बदलायचा?"

अस्सा संताप आला! म्हटलं, वासरूसुद्धा दिवसभर खुंट्याला बांधलं तर लाथा झाडतं. गुरुजींना ते बोलणं गावंढळ वाटलं.

बाजार आला. पोरगी गेली.

त्यानंतर दिप्टीसाहेब आले, तेही नेमके मधल्या सुट्टीत. दार उघडून पाहतात तर अख्खा वर्ग तोंडावर बोट ठेवून बसलेला. घाबरून हळूच विचारतात, "कुणी वारलं का हो?" दुसऱ्या दिवसापासून दार उघडं! मी म्हटलं तशीच सुट्टी सुरू झाली. पोरं मनसोक्त खेळायची, मी हात वर केला की रांगेत यायची आणि दुपारचे पाढे खणखणीत म्हणायची. मारामाऱ्या बंद, पाट्या शाबूत. गुरुजी जो भेटेल त्याला सांगायचे, कल्पना आपलीच म्हणून. तुमची तर तुमची, पण थोडी आधी का नाही सुचली हो?

एका बाजारात ती दिसली. मिरच्यांच्या ढिगामागे बसून गिऱ्हाईकाला फटाफट हिशोब सांगत होती. मी तिच्या बापाला कितीदा म्हटलं, पाठवा परत. "आता कामाले लागली, बाई. राहू द्या."

तो गिऱ्हाईकाकडे वळला तशी ती माझ्याकडे सरकली.

"बाई, आता सुट्टीत लंगडी खेळू देतात म्हंते, खरं हाये का?"

"हो गं."

तिनं तराजू खाली ठेवला.

"मंग म्या थोडे दिवस कळ काढाले पाह्यजे होती."