व्हॉल्व्हचं चाक

कामावर आले की ते आधी पाण्याच्या टाकीत बोट बुडवायचे, जिभेला लावायचे आणि डोळे मिटून चव घ्यायचे. मग थुंकायचे आणि कुणी ऐको न ऐको, निकाल द्यायचे. "आज जड हाय," किंवा "चालंल आज." हजेरीवर सही त्यानंतर.

आष्टी तालुक्यातल्या एका सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रात ते मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायची. मी तिथं प्रयोगशाळेत नवीन लागले होते, तीही तात्पुरती. आमच्या घरातली पहिली पगारदार मी. आईनं विहारात पेढे वाटले होते. रसायनशास्त्राची पदवी असलेल्या मुलीसमोर कुणी पाणी चाटून त्याची परीक्षा करावी, हे मला काही केल्या पटेना. मी मुद्दाम त्यांच्यासमोर ब्युरेटची काचनळी लावून पाण्याचा जडपणा मोजायची. ते शांतपणे चहा पीत बसायचे आणि आकडा निघाला की विचारायचे, "म्याडम, कालच्यापेक्षा वाढला ना?" वाढलेलाच असायचा. माझा संताप संताप व्हायचा.

त्यांची खरी दौलत म्हणजे छपराबाहेरचा कंडेन्सर. एकावर एक रचलेले लोखंडी पाइप; आत अमोनियाचा तापलेला वायू, वरून पाण्याच्या धारा. पाणी खालच्या टाकीत पडायचं आणि पंपानं पुन्हा वर जायचं. वायू निवला तर दूध गार होणार, नाही निवला तर आतला दाब चढणार. फिरता फिरता यातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि क्षार मागे राहतात. त्यांचा पांढरा थर पाइपांवर बसू नये म्हणून टाकीतलं थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं आणि तेवढं नवं घ्यावं लागतं.

हे सोडलेलं पाणी चाचांनी भिंतीपलीकडच्या दगडी हौदात नेलं होतं. हौदावर त्यांनीच रंगवलेली पाटी होती: 'पिऊ नका. म्हशीला चालते.' वस्तीवरच्या बाया तिथं जनावरं आणायच्या, धुणं धुवायच्या. एकदा एक विक्रेता थर विरघळवणाऱ्या औषधाचा कॅन घेऊन आला. चाचांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "हे टाकल्यावर पाणी म्हशीला चालंल का?" तो म्हणाला, नाही चालणार. "मग कॅन उचला. मी घासतो." आणि खरंच, दर रविवारी सकाळी यंत्र बंद ठेवून, लुंगी खोचून ते तारेच्या ब्रशानं एकेक पाइप घासायचे. म्हशीला आंघोळ घालावी तसे, मायेनं.

मग तो दुष्काळ आला. आमची बोअर आटली. टँकर कुठून कुठून पाणी आणायचे आणि ते इतकं खारं असायचं की साबणाला फेस येईना. गावात बाया घागरीमागे घागर लावून उभ्या, आणि इथं आमच्या नळीतून दिवसभर पाणी वाहतंय, हे मला बघवेना. चाचा मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस परळीला गेले होते. त्यांच्या माघारी मी हौदाकडे जाणाऱ्या नळीचा व्हॉल्व्ह चाक फिरवून घट्ट बंद केला. विचारलं कुणालाच नाही. पाणी वाचवल्याचा मला मोठा अभिमान वाटला होता, हे आज सांगायलाही लाज वाटते. हौद कोरडा पडला तेव्हा बाया फाटकाशी येऊन विचारायला लागल्या. "केंद्रालाच पुरत नाही," असं मी ऐटीत सांगितलं.

चाचांच्या जागी आलेला बदलीचा माणूस दाबाचा काटा रोज वहीत लिहायचा, पण लिहिलेलं वाचायचा नाही.

नवव्या दिवशी दुपारी चाचा एसटीतून उतरले ते लग्नातल्या लाडवांचा डबा घेऊनच. फाटकातच थबकले. यंत्राचा आवाज ऐकला, डबा माझ्या हातात दिला आणि धावले. काटा तांबड्या रेघेला टेकला होता. त्यांनी यंत्र बंद केलं, पाइपांकडे पाहिलं. चुना फासल्यासारखे पांढरे झाले होते. त्यांनी टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकले. नजर हळूच व्हॉल्व्हकडे गेली, तिथून माझ्याकडे.

संध्याकाळच्या दुधाच्या गाड्या वाटेवर होत्या. चारा नाही, पाणी नाही, अशा दिवसांत बायांनी राखलेल्या म्हशींचं ते दूध. कुणाचं दोन लिटर, कुणाचं तीन. सेक्रेटरी ओरडत आले, "छिन्नी लावा, फोडून काढा तो थर!"

"साहेब, छिन्नी पायपात गेली तर अमोनिया सुटंल. मग दूध ऱ्हाईल, आपण न्हाई ऱ्हाणार," चाचा म्हणाले. त्यांनी सगळ्यांना लाकडी ठोकळे आणि तारेचे ब्रश दिले. हौदावरच्या दोन बायाही पदर खोचून आल्या. मी घासत होते, तळहात सोलले होते, पण थांबायची हिंमत नव्हती. दिवस मावळता मावळता यंत्र सुरू झालं. काटा खाली आला, पण तोवर दोन गाड्यांचं दूध नासलं होतं. रस्त्याकडेच्या खड्ड्यात ते ओतलं तेव्हा त्या बाया नुसत्या बघत उभ्या होत्या.

"व्हॉल्व्ह कुणी बंद केला?" सेक्रेटरींनी सगळ्यांना ओळीत उभं करून विचारलं.

शब्द ओठांवर आला होता, खरंच आला होता.

"म्याच," चाचा म्हणाले. "जाताना फिरवला असंल. लगीनघाई हो, साहेब."

कुणीतरी हसलं. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा प्रयोगशाळेत आले. व्हॉल्व्हचं लोखंडी चाक पान्यानं काढून आणलं होतं. माझ्या टेबलाचा ड्रॉवर उघडून त्यांनी ते आत ठेवलं.

"आता वाल उघडाच ऱ्हाईल. बंद करायचा असंल तर चाक तुझ्याकडं हाय, बेटा."

तोवर मी त्यांची 'म्याडम' होते. मला रडू फुटलं. त्यावर ते म्हणाले, "कावून रडती? लाडू खाल्ला का न्हाई?"

त्या दिवसापासून मी त्यांच्याजवळ बोट बुडवायला शिकले. आधी जीभ, मग ब्युरेट. माझा अंदाज बरोबर निघाला की त्यांना मुलगी पास झाल्यासारखा आनंद व्हायचा.

तुम्हाला वाटेल, गोष्ट इथं गोड संपली. निवृत्तीनंतर चांगल्या मिस्त्रीला संघ दोन वर्षं वाढवून द्यायचा. चाचांना ती हवी होती. धाकटी मुलगी अजून शिकत होती. बैठकीत सेक्रेटरींनी ती जुनी नोंद वाचून दाखवली आणि मुदतवाढ नाकारली. मला हे कळलं तेव्हा मी कायम झाले होते. चाचा नगरच्या एका बर्फाच्या कारखान्यात कामाला लागले होते. मी सेक्रेटरींकडे जाऊन खरं सांगितलं. "आता काय उपयोग?" ते म्हणाले, आणि ते बरोबरच बोलले. चाचांना मात्र मी उशिरा खरं बोलले, हे सांगायचं धाडस मला कधीच झालं नाही, आणि त्यांनीही शेवटच्या भेटीपर्यंत तो विषय काढला नाही.

मी त्यांना शेवटचं भेटले ते त्यांच्या घरी. चाचा आजारपणानं पार वाळले होते. चाचींनी मला पाणी आणून दिलं. चाचांनी हात पुढे करून पेल्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले.

"काहीच कळंना, बेटा. तापानं जीभ गेली." त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला. "तू सांग."

मी बोट बुडवलं, जिभेला लावलं. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून गोड आहे म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. पण पाण्याबद्दल त्यांच्याशी खोटं बोलवेना.

"जड हाय, चाचा. लई जड."

ते हसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ती गोष्ट काढली.

"मग वाल बंद करू नका, म्याडम."

पुढच्या आठवड्यात चाचा गेले. चाक अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.