सारजाची कोकरं आणि इंग्रजीचा पेपर

उसाची उपमा हिंदुराव सरांनी दिली आणि वर्गाचं इंग्रजी त्या उपमेनंच कापलं गेलं. शेळगावकडच्या त्या शाळेत निम्मी पोरं ऊसवाल्यांची. सर म्हणाले, "शब्द म्हणजे ऊस. पुढचा उपसर्ग म्हणजे शेंड्याचं वाढं, मागचा प्रत्यय म्हणजे मुळाकडचा बुडखा. दोन्ही छाटा, मधलं कांडं उरेल तो मूळ शब्द." आपल्याच बोलण्यावर खूश व्हायची सरांना जुनी सवय. पोरांनी मात्र कोयताच हाती घेतला. ‘अनहॅपी’तला ‘अन’ गेला ते ठीक; पण त्याच झपाट्यात ‘अंकल’चं मुंडकं गेलं आणि ‘फिंगर’चं बूड. मार्चच्या दहावीच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा ‘नापास’मधला उपसर्ग तेवढा पाच-सहा जणांना बिनचूक कळला.

त्यांत सारजा होती. बाकी विषयांत पास, इंग्रजीत थोडक्यात गेलेली. आई वारलेली. बाप गेणबा, थोडं जिराईत रान आणि मेंढरं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, आणि कोकरं सांभाळायला घरात सारजाशिवाय कुणी नाही. गेणबानं सरांना तोंडावर सांगितलं, "आक्टोबरला सुटली तर जूनला बारामतीला अकरावीत घालतो. न्हाय सुटली तर मेंढरांमागं. मंग पुन्यांदा मला इचारायला येऊ नगा."

सर सायकलवरून वस्तीवर जायला लागले. सारजा लांबडा शब्द दिसला की भिऊन छाटायचीच. मग रडकुंडीला येऊन विचारायची, "सर, कुठलं छाटायचं आन कुठलं न्हाय, वळखायचं कसं?" सरांनी नियम सांगावा, तर अपवाद दारात उभाच.

एका संध्याकाळी मेंढरं चरून आली आणि जाळीत कोंडलेली कोकरं एकदम ओरडायला लागली. सारजा एकेक उचलून त्याच्या आईखाली सोडत होती. सरही सरसावले. काळं कोकरू बघून त्यांनी काळ्या मेंढीपुढं नेलं. मेंढीनं हुंगलं आणि अशी ढुशी दिली की कोकरू सरांच्या पायात.

"रंगावर जाऊ नगा, सर," सारजा बऱ्याच दिवसांनी हसली. "आईम्होरं सोडायचं. तिनं घेतलं तर तिचं. न्हाय घेतलं तर गुमान उचलायचं."

सर तिथंच लेंड्यांत बसले. "सारजा, ‘अन’ काढून ‘हॅपी’ला सोड बरं. एकटा चालतो का? अर्थ त्याला घेतो का?"

"घेतो की. सुखी."

"टीचर?"

"टीच. शिकवनं. घेतलं."

"आणि फिंगर?"

"फिंग... ढुशी. परत जोडा, सर."

त्या दिवसापासून छाटणं बंद झालं, सोडून बघणं सुरू झालं. चुका होतच राहिल्या. ‘डिपार्टमेंट’मधून ‘डिपार्ट’ बाहेर आलं, चालूही लागलं, पण अर्थ काही त्याला जवळ घेईना. "काही मेंढ्या लहरी असतात," सर म्हणाले.

पेपर झाला, दिवाळी झाली. निकालाच्या आधीच कळप निघाला आणि सारजाही त्याच्यामागं गेली. गुणपत्रिका आली ती सरांनी उन्हाळा सरेपर्यंत जपली. कळप परतला तेव्हा गेणबानं ती हातात घेतली. वाचता येत नव्हती, तरी बराच वेळ बघत राहिला.

"सुटली म्हनायची?"

"सुटली."

"व्हय," एवढंच म्हणून त्यानं मेंढरांकडं पाहिलं. मग म्हणाला, "तुमी फी घेत न्हाय. एक कोकरू तुमच्या नावाचं सोडलंय कळपात. वाढलं की आणून देतो."

जूनला त्यानं सारजाला बारामतीच्या एसटीत बसवलं. शब्द पाळला, पण कोकरांना हात कुणाचा लावायचा? एक पावसाळा त्यानं एकट्यानं रेटला. कोकरं आयांना चुकू लागली, मरू लागली. दिवाळीआधी व्यापारी आला आणि सगळा कळप घेऊन गेला. सरांच्या नावाचं कोकरूही त्यातच. पोरीला गेणबानं महिनाभर काही कळू दिलं नाही.

आता तो भवानीनगरला साखर कारखान्यावर, ऊस आणणाऱ्या बैलगाड्यांच्या तळावर राखण करतो. सर दिसले की काठी बगलेत धरून उठतो.

"सर, तुमचं कोकरू हाय बरं का माझ्याकडं."

"असू द्या, गेणबा," सर म्हणतात. "वाढू द्या अजून."